दशकाचा गठ्ठा सोडताना

आमच्या द्विशिक्षकी शाळेत दुसरी-तिसरी एकाच खोलीत बसते. फळ्यावर एवढंच लिहिलंय: ५२ – २७. खाली आइस्क्रीमच्या काड्या, रबर लावलेले दहा-दहाचे गठ्ठे आणि काही सुट्या. रीत आधी सांगायची नाही, मुलांना ती सापडू द्यायची, असं मी मानते. वरून तपासायला येणाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटो.

आईबरोबर आठवडी बाजारात भाजी विकायला बसणारा मुलगा काड्यांना हातही लावत नाही. सत्तावीसला तीन, तीस; तिसाला वीस, पन्नास; वर दोन. 'पंचवीस!' गिऱ्हाइकाला सुटे परत करावेत तसं. वहीत मांड म्हटलं की मात्र अडखळतो. शिकवणीला जाणारा पाचाचे चार करतो, दोनाचे बारा. उत्तर बरोबर. 'बारा कुठून आले?' 'हातचा घेतला, बाई.' 'कुणाकडून?' 'शेजारून.' यापुढे त्याची गाडी जात नाही.

आणखी एकीचं उत्तर ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन घालवले. मला हे उत्तर आवडतं. त्यामागे विचार आहे. तिला म्हणते, 'मला सत्तावीस काड्या दे.' ती दोन गठ्ठे देते. उरले तीन गठ्ठे, दोन सुट्या, आणि अजून सात द्यायच्यात. ती नुसती बघत बसते. शेजारचा पुटपुटतो, त्याला डोळ्यांनीच गप्प करावं लागतं. मीही गप्प. शिकवण्याच्या कामात याइतकं अवघड दुसरं काही नाही. बऱ्याच वेळाने ती एका गठ्ठ्याचं रबर काढते.

पण दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलगी उन्हाळ्याच्या तोंडावर परतते आणि सत्तावीस ऐकून ७२ लिहिते. तिच्यापुढे काड्या टाकून 'शोध' म्हणणं हा निर्दयपणा झाला. सात आधी बोलायचे आणि नंतर लिहायचे, हे कितीही विचार केला तरी कुणाला सापडणार नाही. एकोणतीस तर नाव लावतो तिसाचं आणि बसतो विसाच्या घरात! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली होती. मी दोन्ही वापरते. 'वीस सात, सत्तावीस' हे तिला सरळ सांगते आणि जुन्या गुरुजींसारखं चक्क घोकून घेते.

माझ्या सहकाऱ्यांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. रूढीचं ज्ञान माणसांकडून मिळतं, संबंधांचं ज्ञान मुलाला स्वतःच घडवावं लागतं, हा फरक पियाजेने केव्हाच दाखवलाय. नावं, चिन्हं, मांडणी मी सांगून टाकते. गठ्ठा का सोडायचा, ते कुणालाच सांगत नाही. ऊसतोडीहून आलेल्या मुलीलाही नाही, तिच्या हाती दिवस थोडे असले तरी. तिला फक्त उदाहरण लहान देते: १३ – ५. एकच गठ्ठा, तीन सुट्या.

शिकवणीवाल्याच्या हातून पेन्सिल काढून घेतलीय. त्याला ४०३ – १२७ दिलंय, काड्यांनी कर म्हटलंय. तो सवयीने शेजारी हात घालतो, तिथे शून्य. शंभराची जुडी कोपऱ्यात पडलीय. तिच्याकडे त्याचं अजून लक्ष गेलेलं नाही.