गाडीला जागा नाही, बँडला कुठून?

१९६५च्या 'गुमनाम'मध्ये अगदी सुरुवातीला क्लबातलं एक गाणं येतं, 'जान पहचान हो'. आवाज मोहम्मद रफींचा, संगीत शंकर-जयकिशन यांचं, आणि डोळ्यांवर मुखवटा लावून अंगात आल्यासारखी नाचणारी लक्ष्मी छाया. बहुतेकांच्या लक्षात ती राहते. मागे वाद्यं घेऊन उभी असलेली मंडळी मात्र शूटिंगपुरती गोळा केलेली नव्हती. 'टेड लायन्स अँड हिज कब्ज' हा त्या काळी मुंबईत खराखुरा वाजवणारा बँड होता. २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकी चित्रपटाच्या सुरुवातीला हेच दृश्य झळकलं आणि परदेशातल्या जुन्या रॉकच्या वेड्यांनी ते डोक्यावर घेतलं.

हे वेडे ज्या जातीच्या संगीतामागे लागलेले असतात, त्याला गॅरेज रॉक म्हणतात. फेब्रुवारी १९६४मध्ये बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर आले, सुमारे सात कोटी लोकांनी त्यांना पाहिलं, आणि गावोगावच्या शाळकरी पोरांनी गिटारसाठी घरी हट्ट धरला. शिकवणी नाही, तालमीला जागा नाही. मग बापाची गाडी बाहेर काढायची आणि घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ड्रम मांडायचे. तीन कॉर्ड येत होत्या तेवढ्यात गाणं बसवायचं. अ‍ॅम्प्लिफायर स्वस्तातला, त्यात तो पूर्ण ताणलेला, त्यामुळे आवाज फाटायचा. तो फाटलेला आवाजच पुढे या संगीताची ओळख झाली. १९६२मध्ये मुद्दाम आवाज फाडणारी 'फझ'ची पेटी बाजारात आली आणि १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'ने ती घरोघरी ऐकवली.

'द किंग्जमेन' या पोर्टलंडच्या बँडने १९६३मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'लुई लुई' हा या संगीताचा लाडका नमुना. गायकाचे शब्द इतके अगम्य की त्यात काहीतरी अश्लील असणार, अशी पालकांना खात्रीच वाटली. तक्रारी थेट एफबीआयकडे गेल्या. तिथल्या लोकांनी रेकॉर्ड वेगवेगळ्या गतीने फिरवून ऐकली आणि शेवटी शब्द कुठल्याही गतीवर कळत नाहीत, असा शेरा मारला. पुढे १९७२मध्ये लेनी के या चाहत्याने असल्या विस्मृतीत गेलेल्या २७ गाण्यांचा 'नगेट्स' हा संच काढला. वाजवणारे घरी बसले, तरी ऐकणाऱ्यांनी संगीत जिवंत ठेवलं. पुढेही ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडणार होती, मुंबईच्या बाबतीतही.

पण मुंबईत गॅरेज कुठलं? अंधेरी-घाटकोपरला गाडीच रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिक पांघरून झोपते. बाकीचा मालमसाला मात्र इथे होता. रेडिओ सिलोन होतं. क्लिफ रिचर्ड आणि बीटल्सचे चित्रपट थिएटरांत लागत होते. मुख्य म्हणजे वांद्र्यापासून वर मरोळ, ओर्लेम, बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीपर्यंत ईस्ट इंडियन आणि गोवेकर ख्रिस्ती कुटुंबांत व्हायोलिन, पियानो, गिटार ही वाद्यं घरातलीच. याच समाजाने हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांना पिढ्यान्‌पिढ्या वादक पुरवले. चर्चमध्ये कॉयर, लग्नात बँड, रविवारी पॅरिश हॉलमध्ये तालीम, असा तो रिवाज. मराठी मध्यमवर्गीय घरात मुलाला तबल्याच्या नाहीतर पेटीच्या क्लासला घालत. गिटार म्हणजे पोरगं हाताबाहेर गेल्याची खूण. वाद्यांच्या आयातीवर कडक बंधनं असल्यामुळे परदेशी गिटार मिळणं ही चैन होती. देशी गिटारवर, घरच्या रेडिओला किंवा लाउडस्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला वायर जोडून काम भागवलं जाई. आवाज फाडायला वेगळी पेटी लागत नव्हती.

या पोरांना व्यासपीठ दिलं ते एका सिगारेटने. 'सिमला' या ब्रँडच्या जाहिरातीसाठी तंबाखू कंपनीने 'सिमला बीट' ही बँडची स्पर्धा सुरू केली. देशभरातून बँड यायचे आणि अंतिम फेरी मुंबईत, किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात रंगायची. १९६३मध्ये उघडलेली ही वास्तू कर्नाटक संगीताच्या रसिकांनी उभारलेली, तीनेक हजार माणसं मावणारी. तिथे शिलाँगचे 'फेन्टोन्स', कोलकात्याचे 'ग्रेट बेअर', बंगळुरूचे 'डायनोसॉर्स', मुंबईचे 'वेल्व्हेट फॉग' असले बँड वाजले. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या स्पर्धांच्या एलपी निघाल्या. त्या ऐकताना गंमत वाटते. इंग्रजी उच्चार कुठे कुठे अडखळतात, पण हात जराही कचरत नाहीत. सिगारेटच्या पाकिटाबरोबर विसरल्या जाव्यात अशा या जाहिरातबाज तबकड्या. त्याच परदेशी संग्राहकांच्या हाती लागल्या आणि युरोपातून त्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या मुंबईच्याच बँडचा 'ऑब्सेशन ७७' हा अल्बमही असाच अनेक वर्षं अडगळीत होता. २०११मध्ये लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' कंपनीने तो परत काढला. सिद्धार्थ भाटिया यांनी 'इंडिया सायकेडेलिक' या पुस्तकात या पिढीची हकिगत नोंदवली नसती, तर आपल्याला आपल्याच शहराचं संगीत परदेशी तबकड्यांच्या पाकिटांवरून वाचावं लागलं असतं.

वेल्व्हेट फॉगचं नाव मराठी वाचकाला एका माणसामुळे जवळचं वाटायला हवं. नंदू भेंडे. वडील आत्माराम भेंडे, म्हणजे मराठी रंगभूमीवरच्या फार्सचे बादशहा, आई डॉ. आशा भेंडे, लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक आणि अभिनेत्री. घरात नाटक मुरलेलं, आणि मुलगा निघाला रॉक गायक. वेल्व्हेट फॉग, 'सॅव्हेज एन्काउंटर' अशा बँडमधून तो गायला. १९७४मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा मुंबईत उभा केला, तेव्हा जीझस झाला अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचा गायक मधुकर दास आणि ज्यूडास नंदू भेंडे. शहरातल्या दोन रॉक गळ्यांची ती समोरासमोर गाठ होती.

चारच वर्षांनी हाच गळा मराठी रंगमंचावर आला. १९७८चं 'तीन पैशाचा तमाशा': ब्रेख्टच्या नाटकाचं पु. ल. देशपांडे यांनी केलेलं रूपांतर, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, निर्मिती पुण्याच्या थिएटर अकॅडमीची. नंदू भेंडे त्यात अंकुश झाले, आणि भास्कर चंदावरकर, आनंद मोडक यांच्याबरोबर संगीतातही त्यांचा वाटा होता. नाट्यपद, लावणी आणि रॉक एकाच नाटकात नांदले, तेही पु.लं.च्या शब्दांवर. पुढे १९८२च्या 'डिस्को डान्सर'मधलं कृष्णाला हाक मारणारं गाणं भेंड्यांनी गायलं आणि रॉक न ऐकणाऱ्या लाखोंच्या कानांवर त्यांचा आवाज पडला. नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक झालं. २०१४मध्ये ते गेले. मराठी रॉकचा विषय निघाला की आपण थेट कालपरवाच्या बँडपासून सुरुवात करतो. ती १९७८पासून करायला हवी.

खरी अडचण गळ्याची किंवा वाद्याची कधीच नव्हती. होती ती आवाज करायच्या जागेची. सत्तरच्या दशकात कुलाब्याला 'स्लिप डिस्क' नावाचा डिस्कोथेक होता. १९७२मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत असताना तिथे आले आणि तिथल्याच वाद्यांवर वाजवून गेले. वरळीला हॉटेल हिलटॉपमध्ये 'हेल' होतं. हे सगळं दक्षिणेला. बोरिवलीच्या पोराला ते फक्त ऐकून माहीत असायचं.

उपनगरांचा रॉकशी खरा सलोखा जमला तो धोबी तलावच्या रंगभवनात. सेंट झेवियर्स कॉलेजलगतचं हे सरकारी खुलं नाट्यगृह, १९७८ची 'जॅझ यात्रा' इथलीच. १९८६मध्ये फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केला आणि 'आय-रॉक' हा ऑगस्टमधला वार्षिक सण होऊन बसला. त्या दिवशी विरार आणि कल्याणकडून येणाऱ्या लोकलमध्ये काळ्या टी-शर्टांची गर्दी उसळायची. ऑगस्ट म्हणजे भर पाऊस, वर छप्पर अपुरं, तरी माणूस हलत नसे. १९८४मध्ये सुरू झालेला 'रॉक मशीन' हा या काळातला मोठा बँड. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी. १९८८मध्ये त्यांचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' आला, ज्यात गाणी त्यांची स्वतःची होती. तोवर प्रेक्षकांना परदेशी गाणी हुबेहूब वाजवून हवी असायची. स्वतःचं गाणं सुरू केलं की बाटल्या येतील ही धास्ती. पुढे हाच बँड 'इंडस क्रीड' झाला.

रंगभवन मिटलं ते कायद्याने. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, दुसऱ्या अंगाला कामा रुग्णालय. नियमात चूक काढता येत नाही. रुग्णाने रात्री ड्रम का ऐकावेत? पण बंद झालेल्या जागेच्या बदल्यात दुसरी जागा देण्याचं कलम कुठल्याच नियमात नसतं.

मग संगीत उत्तरेला सरकलं. जुहूला 'रॅझबेरी ऱ्हायनोसेरस' हा क्लब होताच. आय-रॉक अंधेरी पश्चिमेच्या चित्रकूट मैदानावर आला, म्हणजे ज्यांनी वीस वर्षं चर्चगेटच्या फेऱ्या मारल्या त्यांच्या दाराशी. २०१०नंतर काही वर्षं अंधेरीत 'बी६९' ही छोटी जागा चालली. इथे दारू आणि जेवणाच्या निमित्ताने संगीत नव्हतं, तर संगीतासाठीच जागा होती, आणि मेटल, पंक काहीही चालायचं. पवईच्या आयआयटीत 'मूड इंडिगो' महोत्सवाची 'लाइव्हवायर' स्पर्धा कॉलेजच्या बँडना दर डिसेंबरला खरा मंच देत आली आहे. मुलुंड-घाटकोपरकडच्या पोरांना ती रिक्षाच्या अंतरावर.

वाजवायची जागा वर्षातून चारदा लागते, तालमीची दर आठवड्याला. त्यावर उपनगरांनी शोधलेला उपाय म्हणजे 'जॅमरूम'. औद्योगिक गाळ्यात किंवा तळमजल्याच्या खोलीत भिंतींना फोम ठोकायचा, ड्रम आणि अ‍ॅम्प आतच ठेवायचे, खोली तासावर भाड्याने द्यायची. चौघं वर्गणी काढून दोन तास घेतात. त्यातली पहिली वीस मिनिटं वायरी जोडण्यात जातात आणि शेवटची दहा, बाहेर दारात उभ्या असलेल्या पुढच्या बँडकडे बघत गुंडाळण्यात. अमेरिकेतल्या पोराला गॅरेज फुकट होतं, वेळही अमाप. मुंबईत घड्याळ लावून रॉक वाजवावं लागतं. कदाचित म्हणूनच इथले बँड लांबण लावत नाहीत.

'द लाइटइयर्स एक्स्प्लोड' हे त्याचं चांगलं उदाहरण. सौरभ रॉयच्या या मुंबईकर त्रिकुटाचा २०१३चा अल्बम 'द रिव्हेंज ऑफ कालिचरण' पंक आणि गॅरेजच्या सीमेवरचा आहे: आखूड गाणी, धसमुसळी गिटार, आणि नाव थेट हिंदी चित्रपटाच्या पोस्टरवरून उचलल्यासारखं. याच सुमारास मुंबईत 'कंट्रोल ऑल्ट डिलीट' नावाचे कार्यक्रम सुरू झाले. प्रायोजक नाही. ऐकणाऱ्यांनीच आधी पैसे जमवायचे, दारावर ज्याला जे परवडेल ते त्याने द्यायचं. सिमला बीटला सिगारेट लागली, नंतरच्या महोत्सवांना दारूचे आणि मोटारींचे ब्रँड लागले. इथे चाहत्यांनी स्वतःच्या खिशाला हात घातला. काही वर्षं बंद असलेला आय-रॉक २०२२मध्ये माझगावला परतला, तेव्हा शीर्षकावर पुन्हा कंपनीचं नाव होतंच. मराठीपुरतं बोलायचं तर 'अभंग रीपोस्ट' या बँडने संतांचे अभंग गिटार-ड्रमवर बसवले आणि आषाढीचा श्रोता रॉकच्या गर्दीत आणून उभा केला.

एवढं सगळं झाल्यावरही उपनगरांतलं सर्वात अस्सल गॅरेज संगीत रॉकच्या कुठल्याच यादीत नाही. ते बेंजो पार्टीचं. इथला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, टाइपरायटरसारख्या कळा असलेलं तंतुवाद्य, मूळ जपानी 'ताइशोगोतो'चा अवतार. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, आवाज फाटेपर्यंत ताणला, आणि बरोबर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ताशा, ढोल घेऊन सगळा सरंजाम हातगाडीवर नाहीतर टेम्पोवर चढवला. शिकले कुठे? गल्लीतल्या मोठ्या पोराकडून, कानाने. तालीम कुठे? मंडळाच्या मांडवात किंवा चाळीच्या पटांगणात. वाजवणारा आणि नाचणारा एकाच वयाचा, एकाच वस्तीतला. अमेरिकी समीक्षक गॅरेज रॉकची जी लक्षणं सांगतात ती एकूण एक इथे सापडतात, फक्त इंग्रजी नाही.

रवी जाधव यांनी २०१६मध्ये रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' हा हिंदी चित्रपट केला. त्यात न्यूयॉर्कची एक संगीतकार मुंबईच्या बेंजोवाल्याचं ध्वनिमुद्रण ऐकून त्याला शोधत येते. चित्रपट फारसा चालला नाही. आय-रॉकवाल्या काळ्या टी-शर्टांपैकी किती जण तो बघायला गेले असतील, शंकाच आहे. भांडुप-घाटकोपरच्या पार्ट्यांना मात्र त्याने फरक पडला नाही. आगमन, विसर्जन, नवरात्र, हळदी असा त्यांचा हंगाम बांधलेला असतो, आणि वर्षातून मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत वाजवायची जी सवलत राज्य सरकार देतं ती नेमकी त्यांच्याच सणांना लाभते. दोन सुपाऱ्यांच्या मधल्या दिवसांत हीच पोरं कुरियर पोहोचवतात, रिक्षा चालवतात, मॉलमध्ये उभी राहतात. अंधेरीच्या जॅमरूममध्ये तासाचं भाडं वाटून घेणारी पोरं आणि ही पोरं एकाच लोकलने प्रवास करतात. एका मंचावर मात्र त्यांना अजून कोणी बोलावलेलं नाही.