अंगणातील फरशी आणि ज्येष्ठांचा तोल

वार्धक्यात अस्थी ठिसूळ होतात, स्नायूंचे बळ घटते आणि गेलेला तोल सावरण्यास अधिक वेळ लागतो. त्यामुळे साधे घसरणेही खुब्याच्या अस्थिभंगास पुरेसे ठरते. न्हाणीघराबाबत आता बहुतेक कुटुंबे सावध असतात. अंगण, ओटा व गच्ची यांची फरशी मात्र अजूनही रंग आणि चकाकी पाहून निवडली जाते. वस्तुतः ऊन, पाऊस व शेवाळ यांचा मारा सोसणारी जागा हीच.

एकदा घसरलेली वृद्ध व्यक्ती भीतीने बाहेर पडेनाशी होते. चालणे थांबले की पायांतील शक्ती आणखी ओसरते आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. म्हणूनच योग्य फरशी हा प्रतिबंधक उपचारच होय.

निवड

दुकानातील फरशी कोरडी असते. आपल्याला ती पावसात वापरायची असते. नमुन्याची एक फरशी घरी आणून ती ओली करावी व तिच्यावर नेहमीची चप्पल हाताने घासून पाहावी. चप्पल सहज सरकल्यास ती फरशी नाकारावी. पॉलिश केलेला ग्रॅनाइट, संगमरवर आणि चकचकीत टाइल बाहेर नकोतच. पॉलिश न केलेली शहाबादी वा कोटा फरशी किंवा खरखरीत अँटी-स्किड टाइल घ्यावी. टाइलच्या माहितीपत्रकावर ‘आर ९’ ते ‘आर १३’ अशी श्रेणी असल्यास उघड्यावरील ओल्या जागेसाठी किमान ‘आर ११’ पाहावी. मात्र उंचसखल नक्षीही टाळावी. पाय घासत चालणाऱ्या कंपवाताच्या रुग्णाचे पाऊल तीत अडखळते.

गडद दगड उन्हात फार तापतो. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना मंदावलेल्या व्यक्तीस चटका जाणवतही नाही आणि फोड येतात. याउलट चकचकीत पांढरी फरशी मोतीबिंदू असलेल्यांचे डोळे दिपवते. फिकट राखाडी वा बदामी, चमक नसलेला रंग उत्तम.

बसवणी

पाणी साचले की शेवाळ आलेच. म्हणून घरापासून बाहेरच्या दिशेने दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर उतार ठेवावा. दोन फरश्यांच्या कडा एका पातळीत आहेत ना, हे गवंडी निघून जाण्यापूर्वीच तपासावे. फरशीवर ठोकून पाहावे. पोकळ आवाज येत असल्यास ती पुन्हा बसवून घ्यावी. एखादीच बुटकी पायरी नजरेतून निसटते; तिच्या कडेवर विरोधी रंगाचा पट्टा आणि बाजूला घट्ट कठडा असावा. रात्रीसाठी पुरेसा दिवाही हवा.

जुनी फरशी असल्यास

सगळे उखडणे आवश्यक नाही. पावसाळ्यात शेवाळ ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने व ब्रशने नियमित काढावे आणि जागा भरपूर पाण्याने धुवावी. ब्लिचिंग पावडरमध्ये अॅसिड कदापि मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो. येण्याजाण्याच्या वाटेवर अँटी-स्किड पट्ट्या चिकटवाव्यात. सैल पायपुसणी काढून टाकावीत.

नवी फरशी ठरवताना घरातील ज्येष्ठांना अवश्य विचारावे. त्यांचे पाऊल जिथे निःशंकपणे पडेल, तिथे नातवंडांचेही सुरक्षित राहील.