आजोबांची फियाट घेऊन सहलीला जायचंय? विंटेज नोंदणीचा अर्ज करण्याआधी हे वाचा

दिवाळीची सुट्टी लागली की दिग्रसमधून गाड्या निघतात. कुणी माहूरला, कुणी शेगावला, कुणी चिखलदऱ्याला. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाच्या नकाशावर दिग्रसचं नाव असलं, तरी काम वर्षानुवर्षं सुरूच आहे. त्यामुळे सहल म्हटली की रस्ताच.

आता समजा, एका घराच्या अंगणात आजोबांनी घेतलेली १९७४ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. घरचे तिला आजही 'फियाट'च म्हणतात. नातू म्हणतो, यंदा हिलाच घेऊन चिखलदऱ्याला जाऊ. आजोबांचे डोळे चमकतात. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज वाचून दाखवतं, 'गाडीला ५० वर्षं झाली, विंटेज नोंदणी करून घ्या, मग कुणी अडवत नाही.'

अडचण इथेच आहे. ही नोंदणी केली, तर नियमानुसार त्या गाडीतून सहलीला जाताच येणार नाही.

आधी १५ वर्षांचा गैरसमज

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात घालावी लागते, असं अनेकांना वाटतं. खासगी गाडीसाठी हे खरं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडीची तपासणी होते आणि ती ठीक असेल तर दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. आपल्याकडे याला 'पासिंग' म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या गाड्यांसाठी हे काम एमएच २९ च्या कार्यालयात होतं.

गैरसमज पसरला तो दिल्लीमुळे. दिल्ली आणि आसपासच्या भागात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. पुढे त्यात बदल होत राहिले, पण जुन्या गाडीने दिल्लीची सहल आखू नये, एवढं नक्की. महाराष्ट्रात तशी सरसकट बंदी नाही.

मात्र खर्च वाढला आहे. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांपेक्षा जुन्या देशी बनावटीच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं. पर्यावरण कर वेगळा.

विंटेज नोंदणी म्हणजे नेमकं काय?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने यासाठी पहिल्यांदा स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी बसत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुढच्या वेळी ५,००० रुपये.

नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, ती नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे आजोबांच्या आठवणीतला नंबर जाईल, ही भीती नको.

मग पेच कुठे आहे?

पेच वापराच्या अटीत आहे. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. लेकरंबाळं घेऊन चिखलदऱ्याला जाणं या यादीत नाही.

म्हणून घराने आधी ठरवायचं ते हे. गाडी जपून ठेवायची आणि रॅलीत मिरवायची असेल, तर विंटेज नोंदणी योग्य. तिच्यात बसून फिरायचं असेल, तर नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी पासिंग करून चालू ठेवणं हाच सरळ रस्ता. वय ५० च्या पुढे गेलं म्हणून गाडी आपोआप विंटेज वर्गात जात नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो.

आणि पासिंग संपलेलं असेल तर? 'गावातल्या गावात कोण बघतं' हा विचार महागात पडू शकतो. दंड होतोच, पण खरा धोका विम्याचा आहे. वैध नोंदणी नसलेल्या गाडीची नुकसानभरपाई विमा कंपनी नाकारू शकते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोरीला गेलेल्या एका कारच्या प्रकरणात हेच सांगितलं. त्या गाडीची तात्पुरती नोंदणी संपलेली होती.

विमा घेताना आणखी एक गोष्ट बघायची. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. जपलेल्या फियाटची किंमत भंगाराच्या भावाने लागू द्यायची नसेल, तर फोटो आणि दुरुस्तीची बिलं आधीच दाखवून बोलणी करावी.

सोबत पीयूसी हवं. जुन्या गाडीला ते सहा महिन्यांचंच मिळतं. फास्टॅगही हवा. फेब्रुवारी २०२१ पासून तो सगळ्या चारचाकींना लागू आहे, गाडी कितीही जुनी असो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बसवून घ्यावी लागते.

कागद झाले, गाडी तयार आहे का?

दिग्रस-दारव्हा-नेर-अमरावती-परतवाडा असं गेलं तर चिखलदरा सुमारे दोनशे किलोमीटर. आजच्या गाडीला हे काहीच नाही. १,०८९ सीसीचं जुनं इंजिन, कार्बोरेटर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या पद्मिनीसाठी मात्र ही परीक्षा आहे.

पेट्रोल : आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ही गाडी बनली तेव्हा असं इंधन कुणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉलमुळे जुने रबरी पाईप आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो किंवा चिरतो. ते हवेतली ओल शोषतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी साचून गंज धरतो. गळका पाईप आणि तापलेलं इंजिन एकत्र आलं तर आग लागू शकते. म्हणून निघण्याआधी सगळे इंधन पाईप आणि पंपाचं किट बदलावं, टाकी साफ करून ताजं पेट्रोल भरावं.

ऊन : विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. अशा उन्हात पंपातलं पेट्रोल वाफ होऊन अडतं आणि चालती गाडी मध्येच बंद पडते. बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि अर्धा तास सावलीत थांबायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय आजही चालतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे उन्हाळ्यात अशी सहल काढूच नये. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ बरा आणि निघायचं ते पहाटे.

घाट : चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. चढताना इंजिन तापतं, पण मोठा धोका उतरताना असतो. सतत दाबून ठेवलेले ड्रम ब्रेक तापतात आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं बदललं नसेल तर आधी बदलायचं, कारण तेही पाणी शोषतं.

टायर : वरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नये. टायरच्या कडेला चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. उभ्या गाडीचा टायरही म्हातारा होतो.

सुटे भाग : फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, पंपाचं किट, रेडिएटरचे होज, फ्यूज आणि पाण्याचे कॅन डिकीत हवेतच. वाटेवरच्या गॅरेजमध्ये स्कॅनर मिळेल, पण पॉइंटचं अंतर जुळवणारा हात मिळेलच असं नाही. दिग्रसमधल्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींचा नंबर फोनमध्ये असणं हा अर्धा विमा समजा.

लेकरं कुठे बसणार?

या प्रश्नावर घरात वाद होऊ शकतो, पण तो टाळू नये. पद्मिनीत एअरबॅग नाही आणि बहुतेक जुन्या गाड्यांत मागे सीट बेल्टही नाहीत. आजोबा म्हणतील, 'आम्ही तुम्हाला असंच नेलं.' खरं आहे, पण तेव्हा शंभरच्या वेगाने मागून येणारे ट्रक आणि एसयूव्ही नव्हत्या. मधला मार्ग असा : फियाटमध्ये आजोबा आणि गाडी चालवणारा, तेही चांगले बेल्ट बसवून. लेकरं मागच्या नव्या गाडीत. गाडी बंद पडली तर मदतीला दुसरी गाडीही सोबत राहते.

गाडी लादून नेली तर?

दूरच्या प्रवासासाठी अनेक हौशी लोक गाडी ट्रेलरवर चढवून पाठवतात आणि पोहोचल्यावर तिथे फिरवतात. २०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी कारसाठी रो-रो सेवा सुरू केली. एका गाडीचं भाडं ७,८७५ रुपये होतं. कार वाघिणीवर आणि माणसं डब्यात, कारण स्वतःच्या कारमध्ये बसून राहायला परवानगी नव्हती. पण दिग्रसहून कोलाडला जायलाच अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो.

हौस किती लांब जाऊ शकते, हे २०२३ मध्ये दिसलं. अहमदाबादच्या एका कुटुंबातल्या तीन पिढ्या १९५० ची एमजी वायटी घेऊन, ती जिथे बनली त्या इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला पोहोचल्या. वाटेत समुद्र आला तिथे गाडी बोटीने नेली.

आधी पोहरादेवी, मग चिखलदरा

पासिंग झाल्यावर लगेच लांब निघू नये. पहिल्या रविवारी पोहरादेवीला जाऊन यावं. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर तेल गळतं का ते बघावं. दुसऱ्या खेपेला माहूर करावं. या दोन्ही फेऱ्यांत काही बिघडलं नाही, तर चिखलदरा.

आणि आरटीओच्या तपासणीत गाडी नापासच झाली, तर? तेव्हा विंटेज नोंदणीचा विचार करता येतो, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. सहल नाही, पण रॅली आहे. फक्त तो निर्णय व्हॉट्सॲपवरच्या मेसेजवरून न घेता, अटी वाचून घ्यावा. आजोबांना फियाटमध्ये बसून चिखलदऱ्याचा घाट बघायचा असेल, तर अर्ज भरण्याआधीच ते ठरवलेलं बरं.