दुसरं वाक्य कुणाच्या भाषेत?

एक प्रदेश, दोन भाषा : भाग ४

स्पेनच्या कॅटलोनिया प्रदेशात, बार्सिलोनातल्या कुठल्याही कॅफेत सकाळी थोडा वेळ उभं राहिलं, तर हा प्रसंग हमखास बघायला मिळतो. गिऱ्हाईक आत येतं, "बोन दिया" म्हणतं आणि 'ताल्यात' मागतं. ताल्यात म्हणजे कडक कॉफीत अगदी थोडं दूध. काउंटरमागची मुलगी होंडुरास किंवा इक्वेडोरहून आलेली. ती हसून विचारते, "कोर्तादो?" पहिला शब्द कॅटलान, दुसरा स्पॅनिश. दोन्हींचा अर्थ एकच, 'कापलेला'. गिऱ्हाईक मान हलवतं आणि साखर, सुटे पैसे, हवापाणी असं पुढचं सगळं बोलणं स्पॅनिशमध्ये करतं. कुणी आवाज चढवत नाही, कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. तरीही पहिल्या वाक्यानंतर कॅटलान तिथून उठून गेलेली असते.

मागच्या भागात आपण शाळा पाहिल्या. १९८३च्या भाषा कायद्यामुळे कॅटलान वर्गात परत आली. बार्सिलोनाला लागून असलेल्या सांता कोलोमा दे ग्रामेनेत या कामगारांच्या गावात तर स्पेनच्या दक्षिणेकडून आलेल्या स्पॅनिशभाषक आईबापांनीच हट्ट धरला, की आमच्या मुलांना कॅटलानमधून शिकवा. शाळांनी आपलं काम चोख केलं. २०२३च्या सरकारी पाहणीत कॅटलोनियातल्या सुमारे ८० टक्के प्रौढांनी आपल्याला कॅटलान बोलता येतं असं सांगितलं, आणि ९३ टक्के लोकांना ती समजते. पण नेहमीच्या बोलण्यात कोणती भाषा, या प्रश्नाला 'कॅटलान' असं उत्तर देणारे ३२.६ टक्केच निघाले. २००३ मध्ये ते ४६ टक्के होते.

वीस वर्षांत लोकसंख्या वाढून ८० लाखांवर गेली, लॅटिन अमेरिका, मोरोक्को, पाकिस्तान इथून माणसं आली, हे एक कारण. पण बोलता येणारी भाषा तोंडावर का येत नाही, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. ते कॅफेतल्या त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

समोरचा स्पॅनिश बोलला की आपणही स्पॅनिशवर यायचं, ही कॅटलान माणसाची जुनी सवय. तिच्यामागे स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीची जवळजवळ चार दशकं आहेत. तेव्हा शाळेत, कचेरीत, जन्मनोंदणीतसुद्धा कॅटलानला जागा नव्हती. घरातला 'जॉर्दी' कागदावर 'होर्हे' व्हायचा, आणि हे १९७७ पर्यंत चाललं. कॅटलान बोलणाऱ्याला "माणसासारखं ख्रिस्ती भाषेत बोल" असं दरडावलं जाई. ती भीती गेली, सवय उरली, आणि आता तिला सौजन्य म्हणतात.

याचा सर्वांत मोठा तोटा झाला तो शिकणाऱ्यांचा. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ कॅथरिन वूलार्ड १९८०च्या सुमारास बार्सिलोनात राहून हेच टिपत होत्या : कॅटलान ही कॅटलान माणसांनी आपापसांत बोलायची भाषा, असा अलिखित नियमच होता. बाहेरून आलेल्याने धीर करून दोन वाक्यं जुळवली, तरी उत्तर स्पॅनिशमध्ये यायचं. समोरच्याला त्रास नको म्हणून केलेली ही सोय प्रत्यक्षात त्याच्या तोंडावर दार लावत होती. उच्चार जरा वेगळा आला किंवा कातडीचा रंग वेगळा दिसला, की आजही भाषा बदलते. या प्रदेशात जन्मलेल्या, कॅटलान शाळेत शिकलेल्या मुलाला हे रोज सोसावं लागतं, तेव्हा ते फार बोचतं.

शब्द मात्र माणसांसारखे संकोच करत नाहीत. बार्सिलोनाच्या स्पॅनिशमध्ये गवंडी 'पालेता' असतो, फरशी 'राचोला' असते आणि काम आटोपून घरी निघणं म्हणजे 'प्लेगार'. तिन्ही कॅटलानमधून आलेले. इतर स्पॅनिश लोक दिवा 'विझवतात', इथले लोक कॅटलानच्या वळणाने तो 'बंद करतात', अगदी मराठीसारखा. उलट बाजूने कॅटलान बोलण्यात 'ब्वेनो' आणि 'बाले' इतके मुरलेत, की शिक्षक ते खोडून थकतात. पण प्रयत्न वायाही जात नाहीत. पत्रपेटीला एके काळी सर्रास स्पॅनिश 'बुसोन' म्हणत, आज कॅटलान बोलणाऱ्यांच्या तोंडी 'बुस्तिया' आहे.

दुसऱ्या वाक्याची ही गाठ सोडवण्यासाठी २००३ पासून एक साधा सरकारी उपक्रम चालू आहे. अस्खलित कॅटलान बोलणारा एक स्वयंसेवक आणि शिकणारा एक, अशी जोडी लावून देतात. वर्ग नाही, व्याकरण नाही. दोघांनी कॅफेत, बागेत, बाजारात भेटून एकूण किमान दहा तास गप्पा मारायच्या, फक्त कॅटलानमध्ये. या दहा तासांत खरी कसोटी लागते ती स्वयंसेवकाची. समोरचा शब्दासाठी अडतो, चाचपडतो, शब्द ओठांवर येऊन थांबतो. स्पॅनिशमध्ये एका क्षणात वाट मोकळी होईल हे दोघांनाही ठाऊक असतं. स्वयंसेवकाने तेवढा वेळ गप्प बसून वाट बघायची असते.

पुढच्या आठवड्यात दक्षिणेला, वॅलेन्सियात. तिथे हीच भाषा वेगळ्या नावाने बोलली जाते आणि त्या नावावरूनच वाद पेटतो.