पेशी तितक्याच, मग रिसेप्टर कशाला मोजायचे?

पुण्यात एचआयव्हीवर पीएचडी करायची म्हटलं की १९९२ साली भोसरीत सुरू झालेली ‘नारी’, म्हणजे पूर्वीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आठवतेच. मुलाखतीला जाणारे बरेच जण सीडी४ काउंट पाठ करून जातात. पण मारक पेशींचं काय? त्या किती आहेत, एवढ्यावर भागत नाही. त्यांच्या अंगावर कोणते रिसेप्टर आहेत, हे बघावं लागतं.

धायरीतल्या आमच्या सोसायटीचा वॉचमन स्टिकर असलेली गाडी सोडतो, नसलेली अडवतो. एनके पेशीचं साधारण तसंच. समोरच्या पेशीवर एचएलए दिसलं की तिचे रोखणारे रिसेप्टर (केआयआर, एनकेजी२ए) ‘थांब’ म्हणतात. सीडी८ टी पेशीला मात्र विषाणूचा तुकडा ओळखायला तेच एचएलए लागतं. एचआयव्हीचं नेफ प्रथिन मुख्यतः एचएलए-ए आणि बी पृष्ठभागावरून कमी करतं; सी आणि ई ला फारसा हात लावत नाही. म्हणजे सीडी८ पेशीला चकवा, आणि एनके पेशीलाही ‘थांब’चा इशारा!

शिवाय रक्तात विषाणू जास्त असताना एनके पेशींवरचे एनकेपी३० आणि एनकेपी४६ हे चेतवणारे रिसेप्टर घटलेले दिसतात. सीडी८ पेशींवर उलट पीडी-१ हा ब्रेक वाढतो. २००६ मध्ये दिसलं, की प्रयोगशाळेत पीडी-१ चा मार्ग अडवला तर थकलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि काम करतात. म्हणजे पेशी मेलेल्या नव्हत्या, दाबलेल्या होत्या.

आता खरी गोम. एचआयव्ही असलेल्यांमध्ये एनकेजी२सी असलेल्या एनके पेशी वाढलेल्या आढळतात. लगेच ‘एचआयव्हीमुळे’ असं लिहाल? थांबा. ही वाढ सीएमव्ही या दुसऱ्याच विषाणूशी जोडलेली आहे, आणि ती एचआयव्ही नसलेल्या निरोगी माणसांतही दिसते. भारतात बहुतेक प्रौढांना सीएमव्ही होऊन गेलेला असतो. तुमच्या दोन गटांची सीएमव्ही तपासणी केली नसेल, तर आलेख कितीही देखणा असो, त्यातला फरक कोणत्या विषाणूचा हे सांगता येणार नाही.

म्हणून प्रपोजल लिहिताना प्रत्येक रिसेप्टरपुढे तीन प्रश्न लिहा: तो रोखतो की चेतवतो? उपचाराने विषाणू दबल्यावर पूर्ववत होतो का? आणि हा बदल एचआयव्हीशिवाय आणखी कशाने होऊ शकतो? तिसऱ्याचं उत्तर येत नसेल, तर सॅम्पल गोळा करायची घाई करू नका.