वीरकथेतील फितूर

पराभव झाला तरी नायकाचे शौर्य उणे ठरू नये, म्हणून मध्ययुगीन वीरकथेला घरभेद्या लागतो. 778 मध्ये पिरेनीज पर्वतात शार्लमेनच्या पिछाडीवर बास्क लोकांनी छापा घातला आणि त्याचा सरदार रोलाँ मारला गेला. तत्कालीन वृत्तांतात फितुराचा उल्लेख नाही, पण सुमारे तीनशे वर्षांनी रचलेल्या फ्रेंच वीरकाव्यात रोलाँचा सावत्र बाप गानलाँ हाच त्याला शत्रूच्या हाती देतो आणि शेवटी घोड्यांकडून फाडला जातो.

मराठी स्मृतीत ही जागा सूर्याजी पिसाळ याच्याकडे आहे. 1689 मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला तो वाईच्या देशमुखीच्या, म्हणजे वंशपरंपरागत वतनाच्या, लोभाने झालेल्या फितुरीमुळे, असे परंपरा सांगते. मात्र संभाजी महाराजांच्या वधानंतर एकाकी पडलेल्या गडाची हतबलता त्या कथेत झाकली जाते. शिवाजी महाराजांवर चालून आलेल्या विजापूरच्या अफझलखानाला मिळालेल्या खंडोजी खोपडे यालाही हात-पाय तोडण्याची शिक्षा झाली, आणि ती कथेत नव्हे, प्रत्यक्षात.

रेडीचा यशवंतगड ज्या मुलखात उभा आहे, तेथील वाडीकर सावंतांना, म्हणजे सावंतवाडीच्या देसायांना, मात्र या साच्यात बसवणे अन्यायाचे ठरेल. लखम सावंतांनी 1659 मध्ये शिवाजी महाराजांशी तह केला, पुढे पुन्हा विजापूरची बाजू धरली. एका बाजूला आदिलशाही, दुसऱ्या बाजूला गोव्याचे पोर्तुगीज आणि डोक्यावर स्वराज्य, अशा पेचात सापडलेल्या देसायांची पहिली निष्ठा स्वतःच्या वतनाशीच होती. पोर्तुगिजांनी 1746 मध्ये हाच रेडीचा किल्ला सावंतांकडून घेतला.