लेखकाची धाटणी – भाग सातवा : मावळातलं अंतर

शैली म्हटलं की आपला पहिला हात शब्दांवर जातो. अमुक लेखक संस्कृतप्रचुर, तमुक रांगडा, तिसरा ग्रामीण, असे शिक्के मारून आपण मोकळे होतो. गेले दोन भाग आपणही शब्दकळेतच रेंगाळलो. या आठवड्यात मावळात जाऊ. तिथल्या एका लेखकाला वाचताना हे शिक्के कुचकामी ठरतात.

गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे गोनीदा. जन्म १९१६ सालचा, परतवाड्याचा. तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यासाठी घराबाहेर पडले, गाडगेबाबांबरोबर हिंडले, नर्मदेची परिक्रमा केली आणि शेवटी तळेगाव दाभाड्याला घर केलं. तिथून किल्ले जवळ. १९५०च्या दशकात त्यांनी मावळावर दोन कादंबऱ्या लिहिल्या. ‘पवनाकाठचा धोंडी’ पवन मावळातली. ‘माचीवरला बुधा’ लोणावळ्याच्या उत्तरेला असलेल्या राजमाचीवरची. मुंबई सोडून एक म्हातारा माचीवर येऊन राहतो, एवढीच तिची गोष्ट. माणसं थोडी, झाडं, पाखरं आणि जनावरं फार.

या दोन्ही कादंबऱ्यांतली माणसं मावळी बोलतात, तेव्हा मावळी बोली हीच गोनीदांची शैली असं म्हणायचा मोह होतो. पण याच लेखकाची ‘पडघवली’ कोकणातली आहे, ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडातली, ‘जैत रे जैत’ ठाकरांची. बोली म्हणजेच शैली असेल, तर हे चार वेगवेगळे लेखक झाले. प्रत्यक्षात यातलं कुठलंही पुस्तक मधूनच उघडा, पानभर वाचा, लिहिणारा माणूस एकच आहे हे कळतं. म्हणजे बोली बदलली तरी न बदलणारं काहीतरी उरतं. ते काय, हे आपल्याला शोधायचं आहे.

हा प्रश्न नवा नाही. आठव्या शतकातल्या वामन नावाच्या काश्मिरी पंडितानं रीती, म्हणजे पदांची विशिष्ट रचना, हा काव्याचा आत्मा मानला आणि तिचे वैदर्भी, गौडी आणि पांचाली असे प्रकार सांगितले. तिन्ही नावं प्रदेशांची. मग विदर्भाच्या मातीतून वैदर्भी रीती उगवते की काय? ही शंका वामनानं स्वतःच काढली आणि निकालातही काढली. त्या त्या प्रदेशातल्या कवींत ती रीती ठळक दिसली म्हणून ते नाव पडलं. प्रदेश स्वतः काव्यात काही भर घालत नाही. प्रादेशिक साहित्याच्या चर्चासत्रात हे वाक्य म्हणून पाहा, चहाच्या सुट्टीत कोणी जवळ यायचं नाही.

आता एक छोटासा प्रयोग करू. पुढची वाक्यं माझी आहेत, गोनीदांची नाहीत. प्रसंग साधा आहे. राजमाचीच्या वाटेवर पाऊस लागला आहे, इरलं घेतलेला एक म्हातारा गाय घेऊन ओढ्याशी येतो.

पहिली तऱ्हा : ‘मुसळधार पावसामुळे ओढ्याची पाणीपातळी वाढलेली असूनही सदर वृद्धाने गाईसह ओढा ओलांडला.’

दुसरी : ‘ओढा फुगला होता. म्हातारा काठाशी थांबला. गाय थांबली नाही.’

तिसरी : ‘“आगं हितं कुटं उतारतीस? थांब की वाईच!” असं म्हणत म्हातारा तिच्या शेपटीमागून पाण्यात शिरला.’

पहिल्या तऱ्हेत गाय म्हाताऱ्याच्या मागं शब्दयोगी अव्ययाला बांधलेली आहे. ‘गाईसह’ म्हटलं की तिला मन उरत नाही. दुसऱ्या तऱ्हेत तिला स्वतंत्र वाक्य मिळालं, तेही शेवटचं आणि सगळ्यांत लहान. त्यामुळे प्रसंग तिच्या ताब्यात गेला. अलंकार एकही नाही, बोलीतला शब्द एकही नाही, तरी शैली पक्की आहे. वाक्य कुठं तोडलं आणि शेवटी कोणाला ठेवलं, एवढ्यावर ती उभी आहे.

तिसरी तऱ्हा नीट पाहण्यासारखी आहे. तिच्यातली बोली काढून टाकू : ‘“अगं, इथं कुठं उतरतेस? थांब ना जरा!” असं म्हणत म्हातारा तिच्या शेपटीमागून पाण्यात शिरला.’ गंमत पुष्कळशी शिल्लक राहिली, कारण ती क्रमात आहे. तिला थांब म्हणणारा स्वतःच निघतो. मग गेलं काय? दोन आवाजांतलं अंतर गेलं. आधी म्हातारा एका मराठीत बोलत होता आणि सांगणारा दुसऱ्या. त्यामुळे सांगणारा काठावर उभा राहून हे पाहतो आहे, असं जाणवत होतं. आता दोघं एकाच मराठीत बोलतात आणि सांगणारा कुठं उभा आहे ते कळेनासं होतं.

माझ्या मते गोनीदांच्या शैलीतलं मुख्य तत्त्व हे अंतर आहे. मावळातल्या कादंबऱ्यांत पात्रं बोलीत बोलतात. निवेदक मात्र बऱ्यापैकी प्रमाण, अधूनमधून पोथीतला शब्द येणाऱ्या मराठीत सांगतो. या दोन भाषांमधली जागा ते कधी मोठी करतात, कधी मिटवत आणतात. निवेदनात एखादा मावळी शब्द अलगद आला की समजावं, सांगणारा पात्राच्या जवळ सरकला. ‘पडघवली’त तर अंतर उरतच नाही, कारण तिथं अंबूवहिनी स्वतःच सांगते आहे. तिची बोली हेच निवेदन.

हे न ओळखता ‘ग्रामीण शैली’ उचलू पाहणाऱ्यांची फजिती होते. दर ओळीला एक ‘व्हय’ आणि एक ‘न्हाय’ टाकायचं, पात्रानंही तसंच बोलायचं, निवेदकानंही तसंच, आणि मधेच ‘त्याच्या अंतर्मनात वादळ उठलं’ हे वर्तमानपत्री वाक्य. बोलीचा मुखवटा आहे, पण बोलणारा कुठं उभा आहे हे लेखकालाच ठाऊक नाही.

उभं राहायची जागा ठरली की क्रम आपोआप ठरू लागतो. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याचं शैलीवरचं १७५३ सालचं भाषण ‘शैली म्हणजे माणूस’ एवढ्यासाठीच सगळीकडे सांगितलं जातं. त्या भाषणाचा खरा भर आहे तो विचारांना लावलेल्या क्रमावर आणि गतीवर. राजमाचीवर हे अगदी डोळ्यांनी दिसतं. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे आलात तर लांबलचक वाट बरीचशी सपाटीनं जाते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आधी दुरून दिसतात आणि चालता चालता मोठे होतात. कर्जतच्या बाजूनं कोंदिवड्याहून चढलात तर आधी कोंढाण्याची लेणी, मग अंगावर येणारा चढ, आणि बालेकिल्ले थेट माचीवर पोचल्यावर. किल्ला तोच. पहिल्या वाटेनं लिहिणारा आधी सगळं दाखवून मग तपशिलात शिरतो. दुसऱ्या वाटेनं लिहिणारा वाचकाला दम लागेपर्यंत काहीच दाखवत नाही. लेखक सहसा कुठल्या वाटेनं येतो हे त्याच्या पाच-सहा परिच्छेदांच्या सुरुवाती पाहून कळतं. वाचताना पेन्सिलीनं खुणा करून बघा.

आता काळाबद्दल, म्हणजे क्रियापदाच्या काळाबद्दल. शाळेत आपण रीतिभूतकाळ पाठ केला आणि विसरलो. ‘तो पहाटे उठे, ओढ्यावर जाई, गुरं सोडी.’ बोलताना आज आपण ‘उठायचा, जायचा, सोडायचा’ म्हणतो. गोनीदांच्या पिढीच्या गद्यात मात्र ‘उठे, जाई, सोडी’ मुबलक आहे. ‘तो उठला’ म्हटलं की वाचक विचारतो, मग काय झालं? ‘तो उठे’ म्हटलं की तो हे विचारत नाही. एका सकाळीत हजार सकाळी मावतात आणि काळ पुढं धावायच्या ऐवजी गोल फिरतो. माचीवरच्या आयुष्याला हाच काळ शोभतो. राब भाजणं, चिखलणी, लावणी, कापणी, पुन्हा राब. ज्या कादंबरीत घटना थोड्या, तिथं वाचकाला धरून ठेवायचं काम क्रियापदाला करावं लागतं.

क्रियापदाची जागाही बोलते. मराठीत ते शेवटी येतं. ‘निघाला म्हातारा’ असं ते पुढं ओढलं की कोणीतरी समोर बसून गोष्ट सांगतं आहे असं वाटतं. कीर्तनकार हे सतत करतो. गाडगेबाबांच्या सहवासात राहिलेल्या लेखकाच्या कानावर ही वळणं पडली नसती तरच नवल. गोनीदांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वीणा देव आणि विजय देव यांनी वर्षानुवर्षं केलं. बिननेपथ्याचे ते प्रयोग रंगायचे याचं एक कारण मला या वाक्यरचनेत दिसतं. ते गद्य मुळात ऐकवायचंच होतं.

आणि नावं. कारवी, ऐन, हिरडा, करवंद, उंबर. गोनीदा झाडाला झाड म्हणून सोडून देत नाहीत, त्याचं नाव घेतात, आणि शेजारी त्याचा खुलासाही करत बसत नाहीत. तुम्हाला कारवी माहीत आहे असं धरूनच चालतात. माहीत नसेल तर दोन पानांत ओळख होईल. हा वाचकावरचा विश्वास आहे, आणि मी तोही शैलीतच मोजतो. याच्या उलट टोक बघायचं तर पावसाळ्यात लोणावळ्याच्या रस्त्यावरचे रिसॉर्टचे फलक वाचावेत. तिथं सगळं ‘निसर्गाच्या कुशीत’ असतं आणि डोंगर ‘हिरवा शालू’ नेसून बसलेले असतात. इतकी वर्षं नेसून तो शालू पार विरला, तरी बदलायचं कोणी मनावर घेत नाही. त्या फलकावरचं वाक्य महाबळेश्वरला नेऊन लावा, आंबोलीला लावा, एक अक्षर बदलावं लागणार नाही. वाक्य जागेवरून हलवता येतं का, ही कसोटी मी लेखकांनाही लावतो.

गोनीदा या कसोटीला बहुतेक वेळा उतरतात. सगळ्या वेळा नाही. त्यांच्या गद्यात माया फार आहे, आणि मायेच्या भरात कधीकधी पाखरू, झरा, गाय सगळीच एका सुरात गोड होतात. माचीवरचा पाऊस छपरं उडवतो आणि दरडीही पाडतो, पण वाचताना हे विसरायला होतं. अंतराचा हाच धोका. लांबून प्रेमानं पाहणाऱ्याला टोचणारं कमी दिसतं. तरीही ‘पवनाकाठचा धोंडी’ मला राहून राहून उघडावीशी वाटते. त्या खोऱ्यातली बरीच जमीन पुढे धरणाच्या पाण्याखाली गेली. धरणापूर्वीचा पवनाकाठ आता असल्या पुस्तकांतच शोधावा लागतो.

हेच अंतर व्यंकटेश माडगूळकरांनी अगदी वेगळ्या रीतीनं हाताळलं. १९५५च्या ‘बनगरवाडी’त सांगणारा आहे एक तरुण मास्तर. गावात राहतो, पण गावचा नाही. बोलतो ‘मी’ म्हणून, पण स्वतःबद्दल फार थोडं. त्यामुळे माणदेशातल्या उन्हात वाक्यं आखूड कशी होत गेली, ते पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर जमलं तर ‘बनगरवाडी’ची पहिली दहा पानं वाचून ठेवा, आणि मास्तर कुठं कुठं गप्प बसतो तिथं खूण करा.